गॅरिंचाचं गाव, गिरणी आणि ते वाकडे पाय

पेठेतला_विंगर (धागाकर्ता), कोल्हापूर

आमच्याकडे रविवारी सकाळी पोरं फुटबॉल शिकायला येतात. त्यातल्या एका बारा वर्षांच्या पोराचे गुडघे चालताना एकमेकांना घासतात. मागच्या महिन्यात तो एका निवड चाचणीला गेला. तिथे चेंडूला पाय लावायच्या आधीच त्याला सांगितलं, "तू बाजूला बस." घरी येऊन त्याने बूट पिशवीतून काढलेच नाहीत. दोन रविवार मैदानावर फिरकला नाही. शेवटी मी त्याच्या घरी गेलो आणि त्याला ब्राझीलचा जुना फुटबॉलपटू गॅरिंचा याची गोष्ट सांगितली. सांगता सांगता जाणवलं की पेले आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण गॅरिंचा म्हटलं की पन्नाशीच्या आतले लोक तोंडाकडे बघत राहतात. म्हणून हा धागा.

मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. जन्म २८ ऑक्टोबर १९३३, रिओ दे जानेरो राज्यातल्या माजे तालुक्यातलं पाऊ ग्रांदे हे डोंगरपायथ्याचं गाव. गाव कसलं, अमेरिका फाब्रिल नावाच्या कापड कंपनीची वसाहतच. घरं गिरणीची, मैदान गिरणीचं, क्लबही गिरणीच्या आसऱ्याने चाललेला. बाप आमारो गिरणीत राखणदार. त्याला दारूचं व्यसन होतं, ऊसाच्या रसापासून काढतात ती काशासा. घरात पोरांचं लेंढार. मानुएल अंगाने इतका बारका की थोरली बहीण रोझा त्याला 'गॅरिंचा' म्हणायला लागली. गॅरिंचा म्हणजे एक चिमुकला तपकिरी पक्षी. तेच नाव जन्मभर चिकटलं.

आणि पाय! उजवा पाय आत वाकलेला, डावा बाहेर. एक पाय दुसऱ्यापेक्षा साधारण सहा सेंटिमीटर आखूड. म्हणजे दोन्ही पाय एकाच दिशेला कललेले, वारं सुटल्यावर उसाचं फड एका अंगाला लवतं तसे. ज्याने ज्याने त्याला पहिल्यांदा उभं असलेलं बघितलं, त्याला वाटलं हा पोरगा धड चालतो तरी कसा.

चौदाव्या वर्षी गिरणीत लागला. कामगार म्हणून अगदी कुचकामी. डोळा चुकवून झोपा काढायचा, त्यापायी एकदा कामावरून काढलाही. मग क्लबचं बघणाऱ्यांनी मध्ये पडून परत घ्यायला लावला, कारण क्लबला उजव्या बगलेवर तो हवा होता. माझ्या मते गॅरिंचा कळायचा तर इथे थांबायला हवं. त्या गावाने त्याला काम करायला लावलं नाही, खेळायला लावलं. सरळ पायाने पळ, शिस्तीत पास दे, असं सांगणारा मास्तर त्याला पोरवयात भेटलाच नाही. अनवाणी, चढउताराच्या जमिनीवर, मित्रांबरोबर तो जो खेळ खेळला, तोच पुढे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात खेळला. खेळ बदलला नाही, बघणारी माणसं बदलली.

रिओच्या मोठ्या क्लबांकडे जायची त्याला फार ओढ नव्हती. एका ठिकाणी बूट आणले नाहीत म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या ठिकाणी गावची शेवटची गाडी चुकेल म्हणून हाच निघून आला, असं सांगतात. १९५३ साली बोटाफोगोत चाचणी झाली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, लग्न झालेला, बायको नाइर त्याच गिरणीतली कामगार. समोर अडवायला निल्टन सांतोस. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातला डावा बचावपटू, त्या काळचा या जागेवरचा सगळ्यात भारी माणूस. गॅरिंचाने त्याच्या दोन पायांमधून चेंडू काढला. निल्टनच्या जागी दुसरा कुणी असता तर पुढच्याच वेळी पोराची नडगी फोडली असती. निल्टनने काय केलं? क्लबवाल्यांना सांगितलं, याला आजच्या आज करारबद्ध करा, मला याच्याविरुद्ध खेळायचं नाही. त्या सांगण्यामुळे मला निल्टन सांतोस फार आवडतो. १९ जुलै १९५३ ला बोनसुसेसोविरुद्ध पहिलाच अधिकृत सामना, त्यात गॅरिंचाचे तीन गोल.

पुढचं तुम्ही लिहा. मला मुख्यतः १९५८ पर्यंतच्या काळाबद्दल बोलायचं आहे.

---

मांडवीकाठ, पणजी

सुंदर लिहिलंय. उच्चाराबद्दल थोडं सांगते. पोर्तुगीजमध्ये 'सीएच'चा उच्चार 'श' होतो, त्यामुळे ते 'गारिंशा'. आमच्याकडची पोर्तुगीज शिकलेली म्हातारी माणसं मधला 'र' चांगला घोळवून म्हणायची. रिओवाले तोच घशातून काढतात, त्यामुळे कानाला जवळजवळ 'गाहिंशा' ऐकू येतं. गावाच्या नावातला 'पाऊ' म्हणजे लाकूड, ग्रांदे म्हणजे मोठं. आपला खायचा पाव हाही पोर्तुगीजांकडूनच आला, पण तो शब्द वेगळा, नाकातून म्हणायचा. आणि मानुएलचं लाडाचं नाव माने, म्हणून ब्राझीलमध्ये त्याला 'माने गारिंशा' म्हणतात. राजधानी ब्राझिलियातल्या मोठ्या स्टेडियमला त्याचंच नाव आहे.

---

पेठेतला_विंगर

धन्यवाद ताई. हात गॅरिंचा लिहायला सरावलाय, पण पोरांना आता बरोबर उच्चार सांगेन.

---

रानपिंगळा

पक्ष्याबद्दल. रिओकडे या पक्ष्याला कांबाशिरा म्हणतात. गारिंशा हा शब्द ईशान्य ब्राझीलकडचा. त्याचे आईवडील तिकडच्या आलागोआस राज्यातून आले होते, मूळ तिथल्या आदिवासींमधलं. म्हणजे रोझाने हाक मारली ती घरातल्या बोलीत, रिओच्या नव्हे. घरटं करायला हा पक्षी माणसाच्या वस्तीजवळची भोकं, कौलं, पडक्या भिंती शोधतो. आपल्या दख्खनमध्ये हा मिळत नाही. आकार नि चळवळेपणा डोळ्यांसमोर आणायचा तर अंगणातल्या झुडपात टुणटुण करणारा शिंपी पक्षी आठवा. तोही असाच, आत्ता इथे आहे म्हणेपर्यंत तिथे नसतो.

मानुएलला स्वतःला पक्ष्यांचं फार वेड होतं. रानात हिंडणं, पक्षी धरणं, नदीत डुंबणं, हे सगळं मोठा झाल्यावरही सुटलं नाही. बोटाफोगोत नाव झाल्यावरही तो पाऊ ग्रांदेला येऊन जुन्या दोस्तांबरोबर खेळायचा.

---

लालबाग_७२

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. त्यामुळे हा धागा वाचताना भोंगा ऐकू आल्यासारखं झालं. रिओतच बांगू नावाचा क्लब आहे, तोही कापड गिरणीचा. १९०४ साली गिरणीतल्या इंग्रजांनी काढला, आणि त्यांची माणसं पुरेशी नसल्याने साधे कामगार संघात आले. गोऱ्या बड्या घरांच्या क्लबांमध्ये काळ्या पोराला फाटकातूनही आत घेत नव्हते त्या काळात हे झालं. त्यामुळे ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये गिरणी हा धागा पहिल्यापासून आहे.

मुंबईतही गिरण्यांचे संघ होते. मफतलालचा फुटबॉल संघ कूपरेजवर खेळायचा तेव्हा वडील मला खांद्यावर घेऊन जायचे. खेळावर नोकरी लागलेल्या माणसाकडे खात्यातले बाकीचे कसे बघायचे, तेही मी ऐकून आहे. एका बाजूने अभिमान, दुसऱ्या बाजूने "आमच्या साच्यावरचं काम कोण करणार?" म्हणून चडफड. गॅरिंचाच्या वाट्याचं काम पाऊ ग्रांदेत कुणीतरी केलंच असेल. मूळ लेखात गावाने त्याला खेळायला लावलं असं म्हटलंय, त्यात ही माणसंही धरा.

---

पेठेतला_विंगर

दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धरतो.

---

स्वीडन५८

मी १९५८ च्या स्वीडनमधल्या विश्वचषकाबद्दल लिहितो, कारण गॅरिंचा संघात असूनही खेळणार नव्हता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मुळात उजव्या बगलेवर पहिला मान जुलिन्योचा होता. तो तेव्हा इटलीत फिओरेंतिनाकडून खेळत होता. मायदेशात खेळणाऱ्यांनाच संधी मिळायला हवी म्हणून त्याने स्वतःच नकार दिला. विश्वचषकाच्या तोंडावर ब्राझीलचा त्याच फिओरेंतिनाशी सराव सामना झाला. गॅरिंचाने बचावपटूंना आणि गोलरक्षकाला चकवलं, गोल समोर मोकळा, तरी मारला नाही. धावत आलेल्या शेवटच्या बचावपटूची वाट बघितली, त्यालाही हुलकावणी दिली, मग चेंडू सावकाश रेषेपलीकडे नेला. प्रेक्षक खूश, संघाचे कारभारी संतापले. असल्या बेजबाबदार पोरावर विश्वचषकात भरवसा कसा ठेवायचा? पहिल्या दोन सामन्यांत त्याच्या जागी जोएल खेळला. ऑस्ट्रियाविरुद्ध ३-०, इंग्लंडविरुद्ध ०-०. विश्वचषकाच्या इतिहासातली ती पहिली गोलशून्य बरोबरी.

त्यात संघाबरोबर मानसशास्त्रज्ञ होता, जुआंव कार्वाल्येस. त्याने सगळ्यांच्या लेखी चाचण्या घेतल्या, चित्रं काढायला लावली. गॅरिंचाला त्यात अगदी कमी गुण. सतरा वर्षांचा पेले 'अजून पोरकट' ठरला. दोघांनाही खेळवू नये असा सल्ला. प्रशिक्षक फेओला यांनी तो मानला नाही.

१५ जून, गोथेनबर्ग, समोर सोव्हिएत संघ, गोलात लेव याशिन. त्या दिवशी दोघं विश्वचषकात पहिल्यांदा एकत्र उतरले. सामना सुरू होऊन मिनीट व्हायच्या आत गॅरिंचा उजवीकडून आत शिरला आणि चेंडू खांबावर आदळला. लगेच पेलेचा फटका आडव्या दांड्याला. तिसऱ्या मिनिटाला ब्राझीलच्याच दिदी नावाच्या खेळाडूच्या पासवर व्हावाचा गोल. फ्रेंच पत्रकार गाब्रिएल आनो यांनी त्याला फुटबॉलच्या इतिहासातली सर्वोत्तम तीन मिनिटं म्हटलं. सामना २-० सुटला, पण त्या तीन मिनिटांचं चित्रीकरण आजही बघताना अंगावर काटा येतो.

---

स्वीडन५८

राहिलंच. अंतिम सामना, २९ जून, यजमान स्वीडन. चौथ्या मिनिटाला स्वीडनचा गोल. ब्राझील त्या विश्वचषकात पहिल्यांदाच मागे. मग नवव्या मिनिटाला गॅरिंचा उजवीकडून शेवटच्या रेषेपर्यंत गेला, चेंडू गोलसमोर सरकवला, व्हावाने घातला. बत्तिसाव्या मिनिटाला पुन्हा तोच रस्ता, तोच पास, तोच व्हावा. छापा मारल्यासारखे दोन गोल. निकाल ५-२.

---

अस्थिबंध (डॉक्टर, पुणे)

त्याच्या हुलकावणीबद्दल शरीराच्या अंगाने लिहितो. चित्रीकरण मी सावकाश करून कितीतरी वेळा बघितलंय. तो चेंडूपाशी येऊन थांबतो. चेंडू जागच्या जागी. मग कंबरेपासून वरचं अंग डावीकडे झुकतं. बचावपटू त्या बाजूला वजन टाकतो. चेंडू हललेलाच नसतो. पुन्हा झुकतो, पुन्हा बचावपटू फसतो. त्याचा एक पाय जमिनीवर अडकला की गॅरिंचा उजवीकडून सुटतो. जवळजवळ दर वेळी उजवीकडूनच! समोरच्याला ते पक्कं ठाऊक असायचं, तरी उपयोग नव्हता. दोन्ही पायांचा कल एकाच बाजूला असल्यामुळे तो उभा असतानाच डावीकडे निघाल्यासारखा दिसायचा. बचावपटू माणसाच्या गुडघ्यांवरून, कंबरेवरून दिशा ताडतो. याच्या गुडघ्यांवरून काहीच ताडता येत नव्हतं.

पण त्याची किंमतही त्याच गुडघ्यांनी मोजली. दर सुटकेला सगळं वजन त्या वाकड्या उजव्या गुडघ्यावर पिळवटून पडायचं. कूर्चा झिजत गेली. तिशीच्या आतच गुडघा सुजायचा, पाणी काढायचं, इंजेक्शन द्यायचं आणि परत मैदानात. क्लबला त्याच्याशिवाय परदेश दौऱ्यांचे पैसे पूर्ण मिळत नव्हते. शस्त्रक्रिया झाली १९६४ मध्ये, फार उशिरा. त्यानंतर जुना गॅरिंचा परत दिसला नाही.

धागाकर्त्यांना एक विनंती. तुमच्या त्या पोराला अस्थिरोगतज्ज्ञाकडे नक्की दाखवा. लहान मुलांचे गुडघे तीन-चार वर्षांच्या सुमारास आत वळलेले असतात, सात-आठपर्यंत बहुतेकांचे आपोआप सरळ होतात. बाराव्या वर्षी राहिले असतील तर तपासायलाच हवेत. वाढ चालू असेपर्यंत उपाय सोपे असतात. गॅरिंचाची गोष्ट त्याला जरूर सांगा, पण दुखणं अंगावर काढू देऊ नका.

---

सातवा_नंबर

मजेशीर गोष्ट राहिली. स्वीडनमध्ये त्याने रेडिओ घेतला. संघाच्या मालिशवाल्याने सांगितलं, हा तर स्वीडिश बोलतो, ब्राझीलमध्ये काय उपयोग? गॅरिंचाने तो त्याला स्वस्तात विकून टाकला. इतका भोळा माणूस.

---

स्वीडन५८

ही गोष्ट सगळीकडे सांगतात, म्हणूनच मला ती खुपते. त्याचा पत्रकार मित्र सांद्रो मोरेइरा अशा कहाण्या रचण्यात पटाईत होता. गॅरिंचा प्रत्येक बचावपटूला 'जुआंव' म्हणायचा, नाव विचारायचाच नाही, हीदेखील त्याचीच करणी मानतात. गिरणीतला, कमी शिकलेला, आदिवासी वंशाचा माणूस म्हणजे भाबडा असलाच पाहिजे, हे शहरी वाचकांना आवडत होतं. ज्याने समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे हे डोळ्याच्या पापणीएवढ्या वेळात ओळखलं, त्याला बुद्धी कमी होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

---

सातवा_नंबर

पटलं. मी ती गोष्ट इतकी वर्षं प्रेमाने सांगत होतो. पुन्हा नाही सांगणार.

---

नाइरची_बाजू

वाचत होते, आता लिहिते. तो खेळला ते सगळं खरं. पण पाऊ ग्रांदेत नाइर होती, एकामागून एक आठ मुली होत्या. नवरा शहरात, दौऱ्यावर, नाहीतर दोस्तांबरोबर रानात. दारू त्याला घरातूनच मिळालेली, बाप त्याच वाटेने गेला होता. 'स्वच्छंदी पाखरू' असं कौतुकाने लिहिताना त्या घरातल्या बाईचं काय झालं असेल, हे एका ओळीत तरी यावं एवढंच म्हणणं आहे.

क्लबचीही तीच तऱ्हा. तो कोऱ्या करारावर सही करायचा आणि आकडा नंतर क्लबवाले भरायचे, असं सांगतात. जगज्जेता झाल्यावरसुद्धा संघातल्या इतरांपेक्षा कमी पैसे घेत होता. ज्यांनी त्याच्या भोळेपणाच्या गोष्टी सांगितल्या, त्यांना तो भोळा असणं सोयीचंच होतं.

---

मांडवीकाठ

शंभर टक्के सहमत. यात एल्झा सोआरेसचंही नाव यायला हवं. मोठी गायिका, रिओच्या झोपडपट्टीतून वर आलेली. १९६२ पासून दोघं एकत्र आले तेव्हा लोकांनी सगळा राग तिच्यावर काढला, 'संसार मोडला' म्हणून घरावर दगडफेक झाली. त्याची दारू सुटावी म्हणून तिने जिवाचं रान केलं. १९६९ मध्ये तो चालवत असलेल्या गाडीला अपघात झाला, त्यात एल्झाची आई गेली. तो गेला २० जानेवारी १९८३ रोजी, अवघा ४९ वर्षांचा. एल्झा गेली २०२२ साली, तारीख तीच, २० जानेवारी.

---

लालबाग_७२

ही तारीख वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

---

उदे_गं

१९६२ कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. चिलीत दुसऱ्याच सामन्यात पेले जखमी होऊन बाहेर. उरलेला विश्वचषक गॅरिंचाने खेचून नेला. उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडविरुद्ध दोन गोल. त्यातला एक हेडरने, तोही जेमतेम पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाने. उपांत्य सामन्यात यजमान चिलीविरुद्ध आणखी दोन, पैकी एक डाव्या पायाने आणि एक पुन्हा हेडरने. सतत लाथा खाऊन शेवटी त्याने एकाला लाथ मारली, बाहेर काढला गेला. तरी बंदी आली नाही. अंतिम सामना अंगात ताप असताना खेळला, ब्राझील ३-१. पेले आणि गॅरिंचा दोघं एकत्र खेळले त्या एकाही सामन्यात ब्राझील हरला नाही. गॅरिंचा ब्राझीलकडून पन्नास सामने खेळला. हरला एकच, १९६६ मध्ये हंगेरीविरुद्ध, आणि तोच त्याचा देशाकडून शेवटचा सामना.

---

पेठेतला_विंगर

सगळ्यांचे मनापासून आभार. नाइरची_बाजू, तुमची ओळ मूळ लेखात असायला हवी होती. आता पोरांना सांगताना नाइरचं नाव घेऊन सांगतो. डॉक्टरसाहेब, पोराच्या आईशी बोललो, मंगळवारी दाखवायला नेतोय. मी सोबत जाणार आहे.

तो या रविवारी आला. सराव संपल्यावर सगळ्यांना पायरीवर बसवून मोबाइलवर स्वीडनविरुद्धचे ते दोन गोल दाखवले. बाकीची पोरं पेलेचा गोल कधी येतो म्हणून मागे लागली. हा मात्र पहिला गोल तीनदा मागे नेऊन बघत होता. मग म्हणाला, "सर, तो परत उजवीकडंनंच गेला की. त्यास्नी कळंना कसं?"

मी काही सांगायच्या आत उठला, भिंतीला टेकवलेला चेंडू घेतला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. चेंडू जागेवर, कंबर डावीकडे. मी वजन त्याच बाजूला टाकलं. खोटं नाही सांगत, मुद्दाम नाही टाकलं, पडलं. तो उजवीकडून निघून गेला.

मंगळवारी डॉक्टर काय म्हणतात ते इथेच कळवतो.